चित्रपट-सहलीनंतर पुढे आलेला घराचा प्रश्न : ठाण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघाचे प्रकरण

ठाण्याच्या नौपाडा भागातील एका ज्येष्ठ नागरिक संघाने २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्या सभासदांना ‘द बेस्ट एक्झॉटिक मेरिगोल्ड हॉटेल’ हा इंग्रजी चित्रपट दाखवण्यासाठी घोडबंदर रस्त्यावरील एका मल्टिप्लेक्समध्ये नेले. केवळ सहल म्हणून पाहिले तर तिची नोंद संघाच्या वार्षिक अहवालात दोन ओळींत संपली असती. ती येथे सविस्तर मांडण्याचे कारण असे, की चित्रपटावर चर्चा करण्यासाठी पुढच्या शनिवारी जी बैठक भरली तिच्यात एका सभासद बाईंनी ‘मी माझे घर विकावे की नाही’ असा प्रश्न सर्वांसमोर विचारला आणि त्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत संघाला अनेक महिने त्यात लक्ष घालावे लागले. प्रस्तुत लेखक त्या वेळी संघाच्या कार्यक्रम समितीवर होता. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

चित्रपटाची निवड

संघाच्या सभासदांना नाटकाचे वेड जुने आहे. गडकरी रंगायतनला दुपारचा प्रयोग असला की एकगठ्ठा तिकिटे काढायची, हा शिरस्ता कित्येक वर्षांचा. इंग्रजी चित्रपटाला जायचे, ही सूचना समितीत आली तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. ‘आपल्याला त्यांचे बोलणे कळणार नाही’ हा आक्षेप रास्त होता. तो मागे पडला, कारण चित्रपटाचा विषयच संघाचा विषय होता. इंग्लंडमधील सात निवृत्त माणसे, कोणी विधवा, कोणी अविवाहित, कोणी कंगाल झालेले जोडपे, जाहिरातीतील देखणे छायाचित्र पाहून उतारवयात राहण्यासाठी जयपूरच्या एका हॉटेलात येतात आणि तेथे पोचल्यावर छायाचित्रातील वास्तू व प्रत्यक्षातील पडझड यांतील अंतर त्यांना कळते. हॉटेलचा तरुण मालक उत्साही आणि बोलघेवडा आहे. श्रीमंत देशांचे म्हातारपण कंत्राटावर सांभाळायला घ्यावे, अशी त्याची धंद्याची कल्पना. डेबोरा मोगॅक यांच्या २००४ सालच्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला आहे. कादंबरी बंगळूरमध्ये घडते; दिग्दर्शक जॉन मॅडन यांच्या चित्रपटात कथा राजस्थानात आली आणि हॉटेल म्हणून उदयपूरजवळील खेमपूर गावातील जुना रावळा, म्हणजे ठाकुरांचा वाडा, वापरला गेला.

आणखी एक गोष्ट सभासदांना विशेष भावली. ज्यूडी डेंच आणि मॅगी स्मिथ या दोन्ही प्रमुख अभिनेत्रींचा जन्म डिसेंबर १९३४ चा, म्हणजे सहलीच्या वेळी दोघी सत्याहत्तर वर्षांच्या होत्या. संघात त्याच सालचे चार-पाच सभासद होते. आपल्या वयाच्या बायका नायिका आहेत, हे कळल्यावर नावे देणाऱ्यांची यादी दोन दिवसांत भरली.

भाषेच्या अडचणीवर उपाय म्हणून एका निवृत्त प्राध्यापक सभासदांनी आदल्या दिवशी संघाच्या सभागृहात अर्ध्या तासात पात्रांची ओळख करून दिली. प्रत्येक पात्र कशासाठी भारतात आले एवढेच त्यांनी सांगितले, शेवट सांगितला नाही. अशा सहलीसाठी हा उपाय मी कोणालाही सुचवीन. पात्रे आधीच ओळखीची असली की निम्मे संवाद निसटले तरी धागा हातातून जात नाही.

सहलीचा दिवस

सकाळचा खेळ, भाड्याची बस, बसायला मागच्या दोन रांगा. मल्टिप्लेक्सच्या अंधारात पायऱ्या चढणे हे या वयात सर्वांत मोठे संकट असते, म्हणून दिवे मालवण्याच्या वीस मिनिटे आधी सर्वांना जागेवर बसवले होते. वातानुकूलनाची थंडी लक्षात घेऊन शाली आणायला सांगितले होते आणि मे महिन्यात शाल आणायला सांगणाऱ्या समितीची बसमध्ये यथेच्छ चेष्टाही झाली. परदेशात हा चित्रपट सलग दोन तास चालतो. आपल्याकडे मध्यंतर होते, ही ज्येष्ठांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

एक प्रसंग मात्र टाळता आला असता. दारावरच्या तपासणीत सर्वांच्या पिशव्यांतील खाऊ काढून ठेवायला लावला गेला. त्यात मधुमेही सभासदांची बिस्किटेही गेली. वाद घातल्यावर व्यवस्थापकांनी ती परत दिली. मात्र त्या गडबडीत एका काकांना घाम फुटला. त्यानंतर संघाने पुढील प्रत्येक सहलीआधी चित्रपटगृहाला लेखी कळवण्याची पद्धत सुरू केली. तिकिटे, बसभाडे, हिशेब यांत सांगण्यासारखे काही नाही.

सभासद कोठे हसले, याची नोंद मात्र ठेवण्यासारखी आहे. हॉटेलातील बंद पडलेले टेलिफोन, नसलेली दारे, मालकाची न संपणारी वाक्ये यांवर पुढच्या रांगांतील तरुण प्रेक्षक हसत होते. आमच्या रांगांत त्या वेळी सौम्य हसू होते. डग्लस आणि जीन हे जोडपे आपली निवृत्तीची पुंजी मुलीच्या इंटरनेट व्यवसायात घालून बसले आहे आणि म्हणून त्यांना इंग्लंडमध्ये मनाजोगते घर घेता येत नाही, हे उघड झाले तेव्हा चित्रपटगृहात इतरत्र काही घडले नाही, पण आमच्या दोन रांगांत स्पष्ट ऐकू येईल अशी चुळबुळ झाली. ज्यांनी फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मुलाच्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात किंवा नातवाच्या प्रवेशात घातले आहेत, अशांची संख्या संघात कमी नाही. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

शनिवारची बैठक

चर्चेची सुरुवात अपेक्षेप्रमाणे रागाने झाली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांचे म्हणणे असे, की आपल्या रस्त्यांवरची गर्दी, धूळ आणि गोंगाट हा या लोकांच्या करमणुकीचा माल झाला आहे; जयपूरमध्ये एकही धड डॉक्टर, वकील, शिक्षक त्यांना दिसला नाही, दिसला तो विनोदी इंग्रजी बोलणारा पोरगा आणि लग्नाला विरोध करणारी त्याची आई. या टीकेत तथ्य आहे. चित्रपटातील भारत हा परदेशी पाहुण्याला पहिल्या पंधरवड्यात दिसतो तेवढाच आहे. सुमारे एक कोटी डॉलरमध्ये झालेल्या आणि जगभरात तेरा कोटींहून अधिक डॉलर मिळवलेल्या या चित्रपटाचा प्रेक्षक कोण होता, हे ध्यानात घेतले की त्याचे आश्चर्यही वाटत नाही.

त्यांना उत्तर दिले ते एका निवृत्त परिचारिकेने. मॅगी स्मिथ यांनी रंगवलेली म्यूरिएल ही वर्णद्वेष्टी बाई खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात येते. सुरुवातीला ती काळ्या-सावळ्या माणसाचा हातही लावून घेत नाही, आणि पुढे हॉटेलात झाडलोट करणाऱ्या, अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन बसते. त्या म्हणाल्या, “त्या गोऱ्या बाईवर आपण हसलो ते ठीक. पण तुमच्याकडे भांडी घासायला येते तिच्या घरी तुम्ही कधी चहाला गेला आहात का? मी तर गेलेली नाही.” यावर बैठकीत जी शांतता पसरली तिच्यातून सुटका करण्यासाठी अध्यक्षांनी विषय बदलला. तो बदलायला नको होता, असे माझे मत आहे.

बदललेला विषय पैशाचा होता. तेथे एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी जे गणित मांडले ते या प्रकरणाच्या मुळाशी असल्यामुळे सविस्तर देतो. ब्रिटनमध्ये २०१२-१३ या वर्षी पूर्ण मूलभूत सरकारी पेन्शन आठवड्याला १०७.४५ पौंड होती. त्या वेळी पौंडाचा भाव सुमारे ८५ रुपये होता. म्हणजे आठवड्याला नऊ हजारांवर आणि महिन्याला एकोणचाळीस हजारांच्या आसपास रुपये झाले. इंग्लंडमध्ये जेमतेम पोट भरेल एवढी ही रक्कम जयपुरात किंवा ठाण्यात सुस्थितीतील माणसाची मिळकत ठरते. चित्रपटातील मंडळी धाडसी आहेत म्हणून भारतात आली, असे वाटते. प्रत्यक्षात ती आली कारण त्यांचे नाणे येथे वजनदार आहे. हॉटेल मोडके असले तरी बिल ती स्वतः भरतात, म्हणून ती तेथे कोणाची मिंधी नाहीत.

या गणितातील एक पाचर चित्रपटात दाखवलेली नाही, ती त्यांनी सांगितली. ब्रिटिश पेन्शनर भारतात स्थायिक झाला, की त्याची सरकारी पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठते. दर वर्षीची वाढ त्याला मिळत नाही. २००२ मध्ये आठवड्याला ७५.५० पौंडांवर येथे आलेला माणूस दहा वर्षांनीही ७५.५० पौंडच घेत असतो. भारतात परदेशी निवृत्तांसाठी स्वतंत्र व्हिसादेखील नाही. म्यूरिएलची शस्त्रक्रिया इंग्लंडच्या आरोग्यसेवेने जयपूरला पाठवून करून देणे ही तर लेखकाची कल्पना आहे. स्वखर्चाने येथे येऊन सांधे बदलून घेणारे परदेशी रुग्ण मात्र खरे आहेत.

“आता हेच उलट करून पाहा,” असे म्हणून त्यांनी आकडेमोड फळ्यावर फिरवली. अठरा हजार रुपये पेन्शन असलेला ठाण्यातील माणूस इंग्लंडला गेला, तर त्याच्या हाती महिन्याला २१० पौंड पडतात, म्हणजे तिकडच्या पेन्शनरच्या दोन आठवड्यांच्या पेन्शनएवढेही नाहीत. येथे तो आपले घर चालवतो आणि कामवालीचा पगार देतो. तेथे त्याला केस कापायचे झाले तरी मुलाकडे हात पसरावा लागेल.

याच वेळी बाई उभ्या राहिल्या.

बाईंची परिस्थिती

ठाण्यातील एका शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून संघात सर्वजण त्यांना ‘बाई’ म्हणतात. वय एकाहत्तर. पतीच्या निधनाला काही वर्षे झालेली. पेन्शन फळ्यावर लिहिली होती जवळपास तेवढीच, आणि बँक अधिकाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. नौपाड्यातील जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक शयनगृह असलेला स्वतःच्या नावावरचा फ्लॅट आहे. इमारतीला लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे दुखरे असल्यामुळे दिवसातून एकदाच खाली उतरायचे, असा त्यांचा नेम झालेला होता. एकुलता एक मुलगा पंधरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये असून तिकडचा नागरिक आहे. सून आणि दोन नाती तेथेच.

मुलाचा आग्रह मनापासूनचा होता. “आई, तू एकटी जिन्यात पडलीस तर मला कळणार कधी?” हा त्याचा प्रश्न बाईंनी बैठकीत जसाच्या तसा सांगितला. त्याची योजना अशी, की आईने फ्लॅट विकावा, त्या पैशाची भर घालून तिकडे तळमजल्यावर एक जास्तीची खोली असलेले घर घ्यावे आणि आईने कायमचे तेथे राहावे. रिझर्व्ह बँकेच्या त्या काळच्या नियमाप्रमाणे रहिवासी भारतीयाला वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येत असे, त्यामुळे पैसे नेण्यात अडचण नव्हती. मुलाने चौकशी करून ठेवलेली होती. एका ओळखीच्या दलालाने गिऱ्हाईकही आणले होते.

बाईंनी हे वर्षभर कोणाला सांगितले नव्हते. चित्रपटातील डग्लस-जीनची कहाणी पाहून आपल्याला रात्री झोप आली नाही, असे त्या म्हणाल्या. पण त्यांना मुलाविषयी शंका होती, असे समजणे चूक ठरेल. त्यांनी नेमका मुद्दा सांगितला: “तो मला काही कमी पडू देणार नाही, हे मला माहीत आहे. पण मला त्याच्याकडे मागावे लागेल, आणि मी आजवर कोणाकडे मागितलेले नाही.”

बैठकीत ताबडतोब दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, एकुलता मुलगा बोलावतो आहे तर नशीब समजून जावे. दुसऱ्या बाजूचे, घर विकणे म्हणजे परतीचा दोर कापणे. दोन्ही बाजू बाईंपेक्षा स्वतःच्याच घराविषयी अधिक बोलत होत्या, हे ऐकणाऱ्याला लगेच कळत होते. मराठी माणसाला निवृत्तीनंतरचे स्थलांतर नवे नाही. पुण्याची ‘पेन्शनरांचे शहर’ ही ओळख त्यातूनच झाली. मुंबईच्या नोकरीनंतर कोकणातल्या घरी परतणारेही पुष्कळ. खुद्द नौपाड्यातील कित्येक कुटुंबे गिरगाव-दादरच्या खोल्या सोडून ठाण्यात आलेली. मात्र त्या सर्व स्थलांतरांत रुपया रुपयाच राहिला होता.

अशा प्रश्नावर सर्वांनी मते देत बसण्यापेक्षा जाणकारांनी बाईंसोबत स्वतंत्र बसावे, असे सचिवांनी सुचवले. संघाने या प्रकरणात केलेले सर्वांत शहाणपणाचे काम हेच. बँक अधिकारी, एक निवृत्त वकील आणि मघाशी उल्लेख केलेल्या परिचारिका, असे तिघे ठरले. अंतिम निर्णय बाईंचा आणि मुलाशी बोलायचे तेही बाईंनीच, हे आधीच स्पष्ट करून घेतले.

तिघांनी काय पाहिले

वकिलांनी प्रथम व्हिसा पाहिला, आणि तेथेच योजनेचा पाया हलला. तोवर ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलावर मुख्यतः अवलंबून असलेल्या, पासष्ट वर्षांवरील आईवडिलांना तेथे कायम राहण्यासाठी अर्ज करता येत असे. ९ जुलै २०१२ पासून नियम बदलले. वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे रोजची वैयक्तिक कामे करण्यासाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागत असेल, आणि तशी मदत मायदेशी मुलाच्या पैशानेही मिळणे शक्य नसेल, तरच आता परवानगी मिळणार होती. शिवाय अर्ज ब्रिटनबाहेरूनच करायचा आणि पाच वर्षे सरकारी मदतीशिवाय सांभाळण्याची हमी मुलाने द्यायची.

या अटींचा अर्थ नीट पाहिला तर बाईंची कोंडी लक्षात येते. त्या हिंडत्याफिरत्या आहेत तोवर अपात्र. अंथरुणाला खिळल्या, तर मुलाच्या पौंडांत ठाण्यात दिवस-रात्रीच्या दोन आया सहज ठेवता येतील, म्हणून तेव्हाही बहुधा अपात्रच. ज्या वर्षी इंग्लंडचे प्रेक्षक आपले म्हातारे भारतात सुखाने नांदताना पाहून डोळे पुसत होते, त्याच वर्षी भारतातील म्हाताऱ्यांसाठी तिकडचे दार असे ओढून घेतले गेले. चित्रपटाचा यात काही दोष नाही, पण हा योगायोग ठाण्यात बसून पाहताना फार बोचतो.

उरला तो पाहुण्यांचा व्हिसा, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. त्यावर गेलेल्या व्यक्तीला तिकडच्या रुग्णालयातील नियोजित उपचार फुकट मिळत नाहीत, आणि एकाहत्तराव्या वर्षी घेतलेल्या प्रवास-विम्यात आधीपासूनचे आजार बहुतेक वगळलेले असतात. परिचारिकाबाईंनी विम्याच्या कागदांतील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली आणि गुडघ्यांचा उल्लेख दाखवून दिला. राज्य सरकारी पेन्शनरला नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला बँकेत द्यावा लागतो, आणि त्या काळी आधारवर आधारित डिजिटल दाखल्याची सोय नव्हती. त्यामुळे इंग्लंडच्या फेरीचे वेळापत्रक या एका कागदाभोवती बसवणे भाग होते.

घराविषयी वकिलांचे मत कडक होते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर बक्षीस दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. परंतु बक्षीसपत्रात ती अट असावी लागते, आणि घर विकून रोख रक्कम परदेशातील घरात घातल्यावर या तरतुदीचा व्यवहारात काही उपयोग राहत नाही. ते बाईंना म्हणाले, “मुलगा चांगला आहे म्हणूनच कागद नीट ठेवायचे, बाई. वाईट असता तर तुम्ही मला विचारायलाही आला नसता.”

निर्णय कसा झाला

एवढ्यावर ‘विकू नका’ असे सांगून तिघे मोकळे झाले असते, तर बाई पुन्हा त्याच दुसऱ्या मजल्यावर, त्याच गुडघ्यांसह राहिल्या असत्या. मुलाची भीती निराधार नव्हती. जिना खरोखर धोक्याचा होता. येथे बँक अधिकाऱ्यांनी आपलेच फळ्यावरचे गणित पुन्हा काढले. पौंड इकडे आला की मोठा होतो आणि रुपया तिकडे गेला की लहान, हे जर खरे, तर बाईंनी तिकडे जाण्याऐवजी पौंडालाच इकडे आणावे. चित्रपटातील सातही जणांनी तेच केले होते. येथे फरक इतकाच, की पौंड मुलाचा असणार होता.

त्यातून पुढची व्यवस्था आकाराला आली. बाईंनी आपला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून भाड्याने दिला. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून आकारले जाणारे ना-वापर शुल्क सोसायटीने भरमसाट मागितले, तेव्हा ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हा राज्य सरकारचा आदेश दाखवावा लागला. त्याच गल्लीच्या पलीकडे, लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत त्यांनी स्वतः भाड्याचे घर घेतले. दोन भाड्यांतील तफावत महिन्याला सहा हजार रुपये होती. मुलाच्या दृष्टीने ते जेमतेम सत्तर पौंड झाले. ती रक्कम तो दर महिन्याला आईच्या खात्यात पाठवू लागला.

मुलाकडून पैसे घेणे बाईंना प्रथम मान्य नव्हते, आणि या मुद्द्यावर दोन बैठका गेल्या. शेवटी त्यांचे समाधान परिचारिकाबाईंनी केले. घराचा करार बाईंच्या नावावर, किल्ली बाईंच्या हातात, कामवाली कोणती ठेवायची ते बाई ठरवणार. पैसे मुलाचे असले तरी घर बाईंचेच, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो पूर्णपणे पटलेला नाही, कारण भाडे भरणारा हात आखडला की घरही जाते. पण त्या दिवशी बाईंचा मूळ फ्लॅट गल्लीच्या अलीकडे त्यांच्याच नावावर उभा होता आणि गरज पडली तर परतण्यासाठी मोकळा करता येणार होता. तिकडच्या घराची खोली आणि इकडचे भाड्याचे घर यांत खरा फरक याच गोष्टीने पडला.

मुलगा दुखावला गेला, हेही नमूद करायला हवे. संघातल्या लोकांनी आईचे कान भरले, असे त्याला काही काळ वाटत होते. डिसेंबरात तो ठाण्याला आला, नव्या घराची लिफ्ट पाहिली, वकिलांच्या घरी जाऊन व्हिसाच्या नियमांवर तासभर वाद घातला आणि जाताना आपल्या जवळचा एक संपर्क क्रमांक संघाच्या कार्यालयात लिहून ठेवून गेला. पुढच्या वर्षी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया ठाण्यातच झाली, खर्च मुलाने केला. त्यानंतर बाई पाहुण्यांच्या व्हिसावर इंग्लंडला गेल्या, नातींबरोबर उन्हाळा काढला आणि हयातीच्या दाखल्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यावर परतल्या. तिकडे आवडले का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे होते, की परतीचे तिकीट पर्समध्ये होते म्हणून आवडले.

जे सुटले नाही

बाई एकट्या राहू शकणार नाहीत अशी वेळ आली तर काय, याचे उत्तर या व्यवस्थेत नाही. रात्रीची आया, वृद्धाश्रम, मुलाने नोकरी सोडून येणे, हे सर्व पर्याय तिघांनी मांडले आणि बाईंनी त्यांवर बोलायचे टाळले. त्यांनी इच्छापत्र केले, सोसायटीत नामनिर्देशन केले आणि बँकेच्या कामांपुरते मर्यादित मुखत्यारपत्र एका भाचीच्या नावे दिले. सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र कोणालाही देऊ नये, असे वकिलांचे मत होते. तेवढे तरी त्यांनी साधले.

बाईंचा प्रश्न खुलेपणाने हाताळला गेल्याचे पाहून त्या वर्षभरात आणखी तीन सभासद आपापल्या घराचे कागद घेऊन वकिलांकडे आले. त्यांतील एका आजोबांनी सर्व सल्ला शांतपणे ऐकून घेतला, घर विकले, पैसे मुलीच्या नावावर केले आणि पुण्याला तिच्याकडे राहायला गेले. ते तेथे मजेत आहेत आणि फोन केला की वकिलांना ते न चुकता सांगतात.

चित्रपटाचा दुसरा भाग २०१५ मध्ये आला, तेव्हा पुन्हा सहल काढावी अशी सूचना समितीपुढे आली. या वेळी यादी अर्धीच भरली. बाईंनी नाव दिले होते. रेल्वेच्या काकांनी दिले नाही; मात्र चर्चेची बैठक कधी आहे, ते त्यांनी आगाऊ विचारून ठेवले.